एका नॉबचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर : ५एफ१ किटचे परीक्षण

ज्या किटविषयी हे लिहीत आहे त्यात एक पोलादी चॅसिस, दोन ट्रान्सफॉर्मर, तीन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या), पितळी आयलेट म्हणजे पोकळ कड्या ठोकलेली एक फायबरची पट्टी आणि ओंजळीत मावतील एवढे रेझिस्टर व कॅपॅसिटर येतात. हे सारे नीट जोडले की, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे फेंडर कंपनी ‘चॅम्प’ या नावाने जो लहानसा गिटार अ‍ॅम्प्लिफायर बनवत असे, त्याच आराखड्याचा सुमारे पाच वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर तयार होतो. आराखड्याचे नाव ५एफ१ असे आहे. पहिला आकडा दशकाचा, मधले अक्षर सुधारित आवृत्तीचे आणि शेवटचा आकडा मॉडेलचा. आज हा आराखडा अनेक देशांतले विक्रेते किटच्या रूपात विकतात, आणि त्यांच्यात फरक असतो तो ट्रान्सफॉर्मरच्या दर्जाचा, पट्टीच्या प्रकाराचा आणि सूचनापुस्तिकेचा. माझे किट अमेरिकेतून मागवलेले आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतल्या बहुतेक, भारतातून असे कोणतेही किट मागवणाऱ्याच्या वाट्याला येऊ शकतील अशा आहेत. माझे मत आधीच सांगून ठेवतो. सामान उत्तम आहे, पुस्तिका अपुरी आहे, आणि आपल्याकडच्या विजेवर ती पुस्तिका जशीच्या तशी पाळली तर अ‍ॅम्प्लिफायर वाजेल खरा, पण त्यातले व्हॉल्व्ह फार दिवस टिकणार नाहीत.

किट, व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर, विमानटपाल आणि सीमाशुल्क धरून मला साठ हजार रुपयांच्या आसपास खर्च आला. लाकडी पेटी वेगळी. एवढ्या पैशांत दुकानातून तयार अ‍ॅम्प्लिफायर सहज मिळतो, आणि त्यात या किटपेक्षा कितीतरी अधिक सोयी असतात, त्यामुळे स्वस्त पडेल म्हणून कोणी या वाटेला जाणार असेल तर त्याने विचार बदलावा. माझ्या घरचा आधीचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तेव्हा कारागिराने आतला छापील बोर्ड पाहून, तो सबंध बदलावा लागेल, असे सांगितले, आणि तो बोर्ड कुठेच मिळाला नाही. तेव्हापासून मला असे यंत्र हवे होते की ज्यातला प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसेल, मीटरने मोजता येईल आणि बाजारातून आणून बदलता येईल. या कसोटीवर हे किट पूर्ण उतरते.

सर्किट समजून घ्यायला एक संध्याकाळ पुरते. गिटारचा क्षीण संकेत १२एएक्स७ या जुळ्या व्हॉल्व्हच्या पहिल्या अर्ध्यात वाढतो, व्हॉल्यूमच्या पॉटमधून, म्हणजे नॉबने फिरणाऱ्या रेझिस्टरमधून, दुसऱ्या अर्ध्यात जाऊन पुन्हा वाढतो आणि ६व्ही६ या पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे संकेत आत घेणाऱ्या जाळीवर, पोचतो. ६व्ही६ आउटपुट ट्रान्सफॉर्मरला चालवतो आणि ट्रान्सफॉर्मर स्पीकरला. स्पीकरच्या तारेवरून २२ किलोओमचा एक रेझिस्टर मागे, दुसऱ्या अर्ध्याच्या कॅथोडकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाकडे, जातो. हा झाला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा भाग मागे आणून वजा करणे. एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर, ५वाय३, हाही व्हॉल्व्हच आहे. टोनचा नॉब नाही. दोन इनपुट आणि एक व्हॉल्यूम, त्यावर १ ते १२ आकडे, एवढाच समोरचा पसारा. १२एएक्स७ म्हणजे आपल्याकडच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा ईसीसी८३, जो एके काळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही तयार होत असे.

खोके उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ट्रान्सफॉर्मरच्या वजनाची. दोन्हींचे पत्रे घट्ट बसवलेले होते, तारा पुरेशा लांब होत्या, आणि तारांच्या रंगांचा कागद सोबत होता. चॅसिसवरची भोके अचूक पाडलेली होती. एकही सॉकेट कानशीने घासून बसवावे लागले नाही. रेझिस्टर मात्र जुन्या पद्धतीचे, कार्बन कॉम्पोझिशनचे होते. जुना आवाज हवा म्हणून विक्रेते ते मुद्दाम देतात, पण हे रेझिस्टर दमट हवेत आपली किंमत बदलतात आणि अधिक सुरसुर करतात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात त्यांच्यावर भरवसा ठेवावा असे मला वाटत नाही. १०० किलोओमचा म्हणून दिलेला एक रेझिस्टर माझ्या मीटरवर ११८ दाखवत होता. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे (इलेक्ट्रॉन गोळा करणारे टोक) आणि कॅथोडचे रेझिस्टर मी तपकीर गल्ली या पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेले मेटल फिल्मचे लावले, आणि आवाजात कसलीही कमतरता मला आढळली नाही.

पिशवीतली एक चूक मात्र गंभीर होती. या सर्किटला २२ किलोओमचे दोन आणि २२० किलोओमचा एक रेझिस्टर लागतो. माझ्या पिशवीत २२० चे दोन आणि २२ चा एक निघाला. रंगांच्या पट्ट्यांत फरक फक्त शेवटच्या गुणकाचा, नारिंगीच्या जागी पिवळा, आणि संध्याकाळच्या दिव्याखाली या दोन रंगांत गफलत होणे अगदी सोपे आहे. फीडबॅकच्या जागी २२ ऐवजी २२० लागला असता तर अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला नसता. तो थोडा मोठा आणि थोडा खरखरीत वाजला असता, आणि या जातीचा आवाज असाच असतो अशी समजूत करून घेऊन मी वर्षानुवर्षे तो तसाच वाजवत राहिलो असतो. म्हणून किट कुणाचेही असो, प्रत्येक रेझिस्टर लावण्यापूर्वी मीटरवर मोजावा आणि कागदावर त्याच्या नावापुढे खूण करावी. विक्रेत्याने पत्राला दोन दिवसांत उत्तर दिले आणि योग्य रेझिस्टर पाठवला, ही त्याच्या बाजूची गोष्ट नोंदवायला हवी. पण तोवर मी दोन रुपयांत तो इथेच आणला होता.

जोडणीला मला चार सुट्ट्या लागल्या. पट्टीवरचे काम सोपे आहे. आयलेटमधून पाय खाली घालायचे, दोन किंवा तीन पाय एकत्र आले की सोल्डरचा डाग द्यायचा. वेळ जातो तो व्हॉल्व्हच्या सॉकेटवर. पिना खालून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या असतात, आणि वरून पाहून मोजण्याची सवय लागली की सारे आरशातल्यासारखे उलटे होते. १२एएक्स७ च्या हीटरला, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्टवर चालवायचे तर ४ आणि ५ क्रमांकाच्या पिना एकमेकींना जोडून ती एक बाजू आणि ९ ही दुसरी बाजू धरावी लागते. पुस्तिकेत हे चित्रात आहे, शब्दांत कुठेही नाही. ५वाय३ च्या हीटरच्या ५ व्होल्टच्या तारांवर संपूर्ण उच्च व्होल्टेज असते, त्यामुळे त्या इतर हीटरच्या तारांसारख्या समजून चॅसिसजवळ कुठेही दाबून बसवणे धोक्याचे आहे. याचाही उल्लेख पुस्तिकेत हवा होता.

अर्थच्या तारा थेट चॅसिसला सोल्डर करा, असे पुस्तिका सांगते. चॅसिसवर क्रोमचा मुलामा आहे आणि क्रोमवर कथील धरत नाही. मुलामा खरवडून काढला तरी एवढा मोठा पत्रा तापवायला घरातली लहान सोल्डर गन पुरत नाही, डाग वरवर बसतो आणि आत पोकळ राहतो. मी एक डाग तसा दिला आणि त्याचे फळ पुढे भोगले. बाकीच्या ठिकाणी बोल्टखाली दातेरी वॉशर आणि कडीचे टर्मिनल वापरले.

पुढचे लिहिण्यापूर्वी जिवाशी संबंध असलेली गोष्ट. या पेटीत साडेतीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असते, आणि प्लग काढल्यावरही ती डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये साठून राहू शकते. विशेषतः पॉवर व्हॉल्व्ह न बसवता चाचणी केली असेल तर तो साठा ओढून घेणारे काही नसल्यामुळे बराच वेळ राहतो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक राहतात; ईएल८४ आणि ईझेड८० या व्हॉल्व्हच्या जमान्यात त्यांनी शेकडो रेडिओ उघडले आहेत. त्यांना मी चॅसिस दाखवायला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावण्याच्या आधी विचारले, “कंडेन्सर डिस्चार्ज केलास का?” कंडेन्सर म्हणजे कॅपॅसिटरच. मी म्हटले, “केला, काका.” त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न, “मग मोजलास का?” मी मोजला नव्हता. मीटर लावला तेव्हा १४ व्होल्ट दिसले, कारण मी रेझिस्टर लावून लगेच काढला होता आणि असे कॅपॅसिटर रिकामे केल्यावर पुन्हा थोडे भरतात. चौदा व्होल्टने काही होत नाही, पण काकांनी मला सवय लावली ती कायमची. डिस्चार्ज करायचा, मोजायचा, आणि चालू सर्किटवर मोजताना डावा हात खिशात ठेवायचा.

पहिल्यांदा वीज देताना त्यांनी आपला सिरीज बोर्ड दिला. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीज लावलेला, इलेक्ट्रिशियन वापरतात तसा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचते. सारे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. माझा बल्ब उजळला, मंदावला, आणि व्हॉल्व्हच्या तळाशी नारिंगी उजेड दिसू लागला. जुन्या रेडिओचा हिरवा डोळा हळूहळू मिटत जाताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या क्षणी काय वाटते ते सांगायला नको. या साध्या बोर्डाचा उल्लेखही पुस्तिकेत नाही, आणि माझ्या मते ही तिची सर्वांत मोठी चूक आहे.

बल्ब काढून थेट वीज दिल्यावर मात्र स्पीकरमधून सलग, कानाला बोचणारी किंकाळी सुरू झाली. व्हॉल्यूम शून्यावर होता. आवाज न बदलता तसाच राहिला, आणि याच एका गोष्टीवरून अर्धे निदान झाले, कारण व्हॉल्यूमचा पॉट दुसऱ्या अर्ध्याच्या आधी आहे, तो शून्यावर असताना आधीच्या टप्प्यातून काहीही पुढे येऊ शकत नाही, म्हणजे दोष पॉटच्या पुढेच असला पाहिजे. पुढे काय आहे? दुसरा अर्धा, ६व्ही६, ट्रान्सफॉर्मर, आणि स्पीकरवरून मागे येणारा तो २२ किलोओमचा रेझिस्टर. वीज बंद करून, कॅपॅसिटर रिकामे करून, मोजून, मी त्या रेझिस्टरचा एक पाय सोडवला आणि पुन्हा चालू केले. किंकाळी थांबली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन तारा उलट्या लागल्या होत्या. त्यामुळे जो फीडबॅक संकेतातून वजा व्हायचा तो त्यात मिळत होता आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ओरडत होता. दोन तारांची अदलाबदल केली, रेझिस्टर पुन्हा जोडला, आणि प्रश्न मिटला. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांमध्ये रंगांचे एकमत नसते, त्यामुळे पुस्तिका काटेकोर पाळूनही हा प्रकार घडू शकतो. पुस्तिकेत या दोषाला दोन ओळी दिलेल्या आहेत, आणि त्या अचूक आहेत.

आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतले त्याकडे येतो. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्याला, म्हणजे भिंतीतली वीज जोडतात त्या वेढ्याला, १२०, २२० आणि २४० व्होल्टच्या तारा आहेत. पुस्तिकेतली सगळी चित्रे १२० व्होल्टची, आणि शेवटी एक वाक्य, की अमेरिकेबाहेर राहणाऱ्यांनी २२० ची तार वापरावी. मी तशी वापरली. आमच्या घरी संध्याकाळी भिंतीतल्या सॉकेटवर २४२ व्होल्ट असतात. म्हणजे २२० साठी गुंडाळलेल्या वेढ्याला दहा टक्के जास्त वीज मिळत होती, आणि ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडणारे प्रत्येक व्होल्टेज त्याच प्रमाणात चढले होते. हीटरवर, सगळे व्हॉल्व्ह बसवलेले असताना, ६.३ च्या जागी ६.९ व्होल्ट. ६व्ही६ च्या प्लेटवर ३७२. कॅथोडवर २१.५, म्हणजे ४७० ओमच्या रेझिस्टरमधून सुमारे ४६ मिलिअँपिअर. त्यातले दोन-अडीच स्क्रीनचे, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचे, वजा केले तर प्लेटच्या वाट्याला ४३ च्या आसपास राहतात, आणि प्लेट व कॅथोड यांच्यामधल्या ३५० व्होल्टशी गुणाकार केला तर उत्तर येते १५ वॅट. ६व्ही६जीटीच्या जुन्या तपशीलपत्रात प्लेटची मर्यादा १२ वॅट दिलेली आहे. अ‍ॅम्प्लिफायर या स्थितीत सुरेख वाजत होता, हे मुद्दाम सांगतो, कारण कानांवरून हा दोष कळत नाही. मीटरने मोजल्याशिवाय तो सापडणार नाही.

तार बदलून २४० ची जोडली. हीटरवर ६.३५, प्लेटवर ३४१, स्क्रीनवर २९७, पहिल्या व्हॉल्व्हच्या पुरवठ्यावर २५५ आणि त्याच्या दोन्ही प्लेटवर १६० च्या आगेमागे. कॅथोडवर १९.६ म्हणजे सुमारे ४२ मिलिअँपिअर, आणि प्लेटवरचा भार पावणेतेरा वॅट. मूळ चॅम्पही ६व्ही६ ला असाच कडक राबवत असे, पण त्या काळी व्हॉल्व्ह जागोजागी आणि स्वस्त मिळत. आज मला तो बाहेरून मागवावा लागतो. म्हणून ४७० च्या जागी ५६० ओमचा, पाच वॅटचा रेझिस्टर लावला, आणि भार सव्वाअकरा वॅटवर आला. किटमधला एक वॅटचा रेझिस्टर तसाही काठावर चालत होता, कारण त्याच्यावरच पाऊण वॅटहून अधिक उष्णता पडत होती. वाजवताना या बदलाचा फरक मला जाणवला नाही. फ्यूजची गोष्टही अशीच आहे. किटमध्ये १२० व्होल्टच्या हिशेबाने २ अँपिअरचा फ्यूज दिलेला आहे, आणि २४० वर तेवढ्याच शक्तीला निम्माच प्रवाह लागतो, म्हणून तिथे १ अँपिअरचा मंदगती फ्यूज हवा. तीन पिनांची वायर दिली आहे ही फार चांगली गोष्ट, कारण जुन्या अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायरांना दोनच पिना असत. पण ज्या सॉकेटला ती लावायची त्याचे अर्थिंग खरोखर लागलेले आहे की नाही हे आपल्याकडच्या जुन्या इमारतींत आधी तपासून घ्यावे.

व्होल्टेज जागेवर आल्यावर उरला तो हम. व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही पेटीजवळ स्पष्ट ऐकू येणारी घुमघुम होती, आणि स्पीकरच्या टोकांवर ३१ मिलिव्होल्ट एसी मोजले. हमचे निदान त्याच्या सुरावरून करता येते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. हीटरच्या तारांतून जी बाधा येते तिचा मूळ सूर तोच. रेक्टिफायरनंतर जो उतारचढाव राहतो तो दुप्पट, १०० हर्ट्झचा, म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर जो सूर वाजतो, ९८ हर्ट्झचा, त्याच्या किंचित वर. तो सूर वाजवला आणि हमशी त्याची ठोके पडल्यासारखी थरथर ऐकू आली तर फिल्टर किंवा अर्थकडे पाहायचे. माझ्या हममध्ये दोन्ही होते, हे फोनमधल्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अ‍ॅपवरही दिसले. १२एएक्स७ काढून घेतला की खालचा सूर नाहीसा होत होता, म्हणजे तो त्याच व्हॉल्व्हमधून शिरत होता. किटच्या आराखड्यात हीटरची एक बाजू सरळ चॅसिसला जोडलेली आहे आणि दुसऱ्या बाजूची एकच तार व्हॉल्यूमच्या पॉटजवळून जाते. मी ती काढली, दोन तारा घट्ट पीळ देऊन कोपऱ्यातून नेल्या, आणि दोन्हींपासून १०० ओमचा एकेक रेझिस्टर अर्थला जोडून कृत्रिम मध्यबिंदू तयार केला. ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेचा आणि पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरचा अर्थ एका बोल्टवर घेतला आणि इनपुटचा अर्थ त्यापासून दूर, जॅकजवळ ठेवला. ३१ चे ९ मिलिव्होल्ट झाले. जे उरले ते या जातीचे आहे. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये, दोन व्हॉल्व्ह समोरासमोर जोडलेल्या सर्किटसारखी, पुरवठ्यातली घुमघुम आपोआप रद्द होत नाही, आणि गिटार हातात घेतल्यावर ती ऐकूही येत नाही.

पंधरा दिवसांनी, मुसळधार पाऊस सुरू असताना, वाजवता वाजवता खरखर सुरू झाली आणि आवाज अधूनमधून निम्मा होऊ लागला. काकांनी बांबूची एक सुकी काडी घेऊन, अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून, एकेका सांध्यावर हलकेच टिचक्या मारल्या. व्हॉल्व्हवर मारल्या तेव्हा मंद टणत्कार आला, तो स्वाभाविक. पट्टीवर काहीच नाही. चॅसिसला दिलेल्या त्या एका डागावर काडी टेकली आणि खरखर स्फोटासारखी वाढली. “ड्राय सोल्डर,” एवढेच ते म्हणाले. डाग वरून चकचकीत होता, पण चिमट्याने ओढल्यावर तार अलगद बाहेर आली. तिथेही बोल्ट बसवला आणि त्यानंतर आजवर खरखर झालेली नाही. फायबरची काळी पट्टी ओल धरते हे मला माहीत आहे आणि तिच्याविषयी थोडी धास्ती वाटते. पुढच्या वेळी किट घेताना मी काच-इपॉक्सीची पट्टी मागेन, मग ती मूळ नमुन्यासारखी दिसली नाही तरी चालेल.

पेटी मी किटबरोबर मागवली नाही, कारण वाहतुकीचा खर्च पेटीहून जास्त होत होता. मूळ पेटी पाइनची आणि तिच्यावर सुती ट्विलचे पिवळसर कापड. आमच्या सुतारांनी जुन्या देवदारी खोक्यांच्या फळ्या रंधून, कोपऱ्यांवर बोटांसारखे सांधे काढून ती तयार केली. ती हलकी आहे, कोरडी आहे, आणि स्पीकरबरोबर चांगली घुमते.

आणि आवाज. व्हॉल्यूम तीनवर असताना सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारचा सूर स्वच्छ आणि जवळचा येतो. प्रत्येक तार वेगळी ऐकू येते आणि नख लागले की प्लेक्ट्रम हे कळते. सहाच्या पुढे हाताचा जोर महत्त्वाचा होतो. हलके वाजवले तर स्वच्छ, जोराने छेडले तर कडेला दाणेदार फाट, आणि गिटारवरचा नॉब थोडा मागे घेतला की पुन्हा स्वच्छ. दहाच्या पुढे खालच्या तारा फुगतात, आठ इंची स्पीकरला ते पेलत नाही, आणि दोन कॉइलच्या हम्बकर पिकअपवर तर आठनंतरच गाळ होतो. व्हॉल्व्हच्या रेक्टिफायरमुळे सूर दबून पुन्हा वर येतो असे या अ‍ॅम्प्लिफायरविषयी नेहमी सांगितले जाते. मला ते फारसे आढळले नाही, आणि आढळू नये हेच बरोबर आहे, कारण एकाच ६व्ही६ च्या या मांडणीत पुरवठ्यातून जाणारा प्रवाह हळू वाजवा की जोरात, जवळपास तेवढाच राहतो. जो दाबल्याचा भास होतो तो व्हॉल्व्हच्या स्वतःच्या मर्यादेतून येतो. पाच वॅट हा आकडा वाचून कोणी फसू नये. फ्लॅटमध्ये सहाच्या वर नेला की खालच्या मजल्यावर ऐकू जातो, आणि रात्री वाजवण्यासाठी हे यंत्र नाही.

व्हॉल्व्ह बदलून पाहण्याचा नाद या यंत्राबरोबर लागतोच. जुन्या बाजारात मिळालेला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक ईसीसी८३ मी किटमधल्या १२एएक्स७ च्या जागी लावला. सुरसुर कमी झाली आणि टिचकी मारल्यावरचा टणत्कारही. तोच आता आत आहे.

ज्याला मीटर वापरता येतो, वीज बंद करून थांबण्याचा धीर आहे आणि ज्याच्या ओळखीत एखादा जुना रेडिओ मेकॅनिक आहे त्याला हे किट मी निःशंकपणे सुचवेन. ज्याने आधी कधीच डाग दिलेला नाही त्याने दोन-तीन महिने लहान, कमी व्होल्टेजची सर्किटे जोडावीत आणि मग याकडे यावे. विक्रेत्याला मी २४० च्या तारेविषयी, फ्यूजविषयी आणि सिरीज बल्बविषयी सविस्तर लिहिले आहे. मोजलेल्या व्होल्टेजचा तक्ता, तारीख आणि त्या वेळच्या सॉकेटच्या व्होल्टेजसह, पेटीच्या मागच्या फळीला आतून चिकटवला आहे. पुढे कधी आवाज बदलला तर आधी तो कागद पाहायचा आणि मग मीटर लावायचा.